सातचं पाणी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी काल संध्याकाळी प्रचारसभा होती. मला भाषणांचा कंटाळा, मी आपला वाऱ्याला बसलो होतो. उमेदवार घसा बसेपर्यंत एकच सांगत होते, "बुधवारी सकाळी सातलाच रांगेत या. ऊन चढायच्या आत मत देऊन मोकळे व्हा."

टाळ्या पडल्या. पुढच्या सतरंजीवरच्या शांताबाई आणि त्यांची शेजारीण सुमन मात्र एकमेकींकडे बघत राहिल्या. आमच्याकडे नळाला पाणी येतं सातला, तेही जेमतेम तासभर. हे माइकवरच्या माणसाला कोण सांगणार?

"तू आधी जा," शांताबाई म्हणाल्या. "तुझे हंडे मी भरते. तू आलीस की मी जाईन."

"किल्ली देऊन जाते, काकू. पिण्याचं तेवढं गाळून ठेवा."

भाषण चालूच होतं. एवढ्या मोठ्या निवडणुकीचं गाडं असल्याच कुठल्या तरी हलक्या आवाजातल्या बोलण्यावर पुढे सरकत असावं, असं मला वाटून गेलं. घराची किल्ली ठरली, पाणी ठरलं, कोण आधी जाणार तेही ठरलं. मत कुणाला, हे मात्र दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.