मागच्या पानावरचा मासा

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात आर्डिस टॉलेफसनला कुठलाच रहस्यकथाकार पुरा पडत नसे. निम्म्या पुस्तकातच ती खुनी ओळखायची आणि ग्रंथालयातल्या कॉरिनपुढे पुस्तक आपटून म्हणायची, "याच्यापेक्षा आमचं मांजर बरं लिहील!"

यंदाच्या थंडीत मात्र तिच्या हाती एका लेखिकेचं पुस्तक लागलं. वाचताना भीती वाटून भर दुपारी आर्डिसने तळघराच्या दाराला खुर्ची टेकवून ठेवली. कॉफी निवून गेली. शेवटच्या पानापर्यंत खुनी काही तिला ओळखता आला नाही. "हिला म्हणतात लेखिका!" ती मांजराला म्हणाली.

मग तिने पेन्सिल घेतली. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून गावातली म्हातारी माणसं मागच्या पानावर आपापली खूण करत. आर्डिसची खूण म्हणजे वाकड्या शेपटीचा मासा.

तिने पान उलटलं. तिथे वाकड्या शेपटीचा मासा होता. त्याच्या शेजारी आणखी एक.

तिने कॉरिनला फोन लावला. ती काही बोलायच्या आतच कॉरिन हळूच म्हणाली, "काकू, याही वेळी खुनी ओळखता नाही आला ना?"