चार महिन्यांत तीन फिल्टर

फ्रिजचा खालचा ड्रॉवर बाहेर काढला, तेव्हा त्यात कोथिंबीर पोहत होती. शेजारी मसाला लावून ठेवलेल्या सुरमईच्या तुकड्यांचा मसाला पार धुऊन निघाला होता. विमलकाकी कमरेवर हात ठेवून माझ्या डोक्यावर उभ्या होत्या.

"हे तिसऱ्यांदा हाय," त्या म्हणाल्या. "धा पाव्हणे जेवायला बसायचेत. त्यांना काय वाढू? फ्रिजमधला पानी?"

विमलकाकी नागावला होमस्टे चालवतात. चार खोल्या, मागे नारळाची वाडी, आणि जेवणासाठी माणसं मुंबईहून बोट पकडून येतात. त्यांच्या मुलाने, नीलेशने, आईला मोठा दोन दारांचा फ्रिज घेऊन दिला होता. दारावर ग्लास टेकवला की थंड पाणी येतं, तसला. पाहुण्यांना त्याचं फार कौतुक. काकींना त्याहून जास्त.

अशा फ्रिजच्या आत एक फिल्टर असतो. आपल्या मनगटाएवढी पांढरी नळकांडी. आत दाबून भरलेला कोळसा असतो. नळाचं पाणी त्यातून जातं, तेव्हा गाळ आणि वास कोळशात अडकतो. पाच-सहा महिन्यांनी कोळशाची ताकद संपते, मग नळकांडी काढून फेकायची आणि नवी बसवायची. पाव फेरा डावीकडे, जुनी बाहेर. पाव फेरा उजवीकडे, नवी आत. तोंडाशी एक रबरी रिंग असते, ती पाणी बाहेर येऊ देत नाही. नवा बसवल्यावर पहिलं बादलीभर पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात कोळशाची काळी भुकटी येते. एवढंच काम. सव्वीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय, यात कधी कोणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

काकींच्या घरात मात्र चार महिन्यांत तिसरा फिल्टर गळला होता. मी तो काढून हातात घेतला. नळकांडी जरा वाकडी झाली होती. रबरी रिंग कडक पडली होती, जुन्या चपलेच्या टाचेसारखी.

"काकी, तुम्ही याला काही केलं का?"

"मी काय करनार? तुम्ही बसवलात तसाच हाय."

काकी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. मी नवा फिल्टर बसवला, ड्रॉवर पुसला आणि निघालो. सुरमईला काकींनी दुसऱ्यांदा मसाला लावायला घेतला होता. तोंडाने त्या मसाल्याशी बोलत होत्या की माझ्याशी, ते मी विचारलं नाही.

अलिबागला सर्व्हिस सेंटरमध्ये पोचेपर्यंत नीलेशचा फोन येऊन गेला होता. आमचे गोगटे साहेब समोरच बसले होते.

"तो म्हणतो तुम्ही डुप्लिकेट फिल्टर बसवता."

"साहेब, फिल्टर तुमच्याच कपाटातून जातात."

"मला माहीत आहे. पण त्याने वर मेल टाकलाय. हेड ऑफिसहून इंजिनीअर येणार. तोवर फ्रिजचे कॉल तुम्ही घेऊ नका. आयकार्ड माझ्याकडे ठेवा."

मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पुढचे आठ दिवस मी सेंटरमध्ये बसून वॉशिंग मशिनचे पाइप मोजले. माझ्या हाताखाली शिकलेले दोघं माझे कॉल घेऊन जाताना हळूच विचारायचे, "सर, खरं काय झालं?" मलाच ठाऊक नव्हतं, तर त्यांना काय सांगणार?

आठव्या दिवशी, शुक्रवारी, हेड ऑफिसच्या इंजिनीअर देशमुख मॅडम बोटीने मांडव्याला उतरल्या. तिशीतल्या असतील. पाठीला लॅपटॉप, हातात मापं घ्यायच्या उपकरणांची पेटी. मी त्यांना बाइकवर घेऊन नागावला निघालो. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाण्याचं प्रेशर किती?" माझं प्रेशर मी सांगितलं नाही.

घरी पोचल्यावर मॅडमनी प्रेशर मोजलं. बरोबर. फ्रिजची लेव्हल पाहिली. बरोबर. मग आठवड्यापूर्वी बसवलेला फिल्टर काढला. तोही किंचित वाकला होता. एका अंगाला बारीक, गोल, एकसारखे उंचवटे उठले होते. मॅडमनी ते उंचवटे मोजले. दोन उंचवट्यांमधलं अंतर मोजून वहीत लिहिलं. फोटो काढले. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"इंटरेस्टिंग. हा पॅटर्न रेग्युलर आहे. म्हणजे फॅक्टरीत साच्याचा प्रॉब्लेम असणार."

"म्हणजे माझी चूक नाही?"

"तुमची कशी असेल? पण तसं असेल तर अख्खी बॅच परत मागवावी लागेल. सगळ्या देशातून."

खरं सांगतो, मला आनंद झाला. देशभरातून फिल्टर परत यायचे तर येऊ देत, माझं आयकार्ड परत येणार होतं. मॅडमनी फिल्टर डाव्या हातात धरला, उजव्या हाताने फोन लावला आणि पलीकडच्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "सर, थोडं सीरियस आहे."

तेवढ्यात विमलकाकी पदराला हात पुसत आल्या.

"झाला का तुमचा बघून? द्या तो इकडं."

त्यांनी मॅडमच्या हातातला फिल्टर अलगद काढून घेतला आणि स्वयंपाकघरात गेल्या. मॅडम फोन कानाला लावून तशाच उभ्या.

"काकी, कुठे नेताय?" मी मागोमाग धावलो.

"आज शुक्रवार न्हाय का? पानी ठेवलाय कवाचा."

गॅसवर मोदकपात्र होतं. झाकण उघडलं, वाफेचा लोट आला. आतल्या भोकाभोकांच्या चाळणीवर काकींनी फिल्टर आडवा ठेवला, वर लिंबाच्या दोन फोडी ठेवल्या आणि झाकण लावलं.

फोनमधून मोठ्या साहेबांचा आवाज येत होता, "हॅलो? सीरियस म्हणजे किती?"

"सर, मी पाच मिनिटांत फोन करते," मॅडम म्हणाल्या.

मी गॅस बंद केला. "काकी, हे दर शुक्रवारी करता?"

"मंग? साफ नको ठेवायला? पयला आमच्याकडं मेणबत्तीवाला फिल्टर होता, पांढऱ्या कांडीचा. कांडी बरशानं घासायची न उकळायची. चाळीस वर्सं केलं. घरात कोनाचा पोट दुखला न्हाय."

"पण हा प्लास्टिकचा आहे!"

"म्हणून तर उकळत न्हाय. उकळला तर वाकंल. वाफेवर धरते, इस मिनटं." त्या माझ्याकडे वळल्या. "आनि काढायचा कसा, ते तुम्हीच दाखवलात. पाव फेरा."

हे खरं होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना मोठ्या हौसेने दाखवलं होतं. ग्राहक शिकला तर आपली फेरी वाचते, असा माझा हिशोब.

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलात, काय केला का. साफ करनं म्हंजे काय करनं झाला?"

मॅडमनी चिमट्याने चाळणी बाहेर काढली. भोकांमधलं अंतर मोजलं. वहीतल्या मघाच्या मापाशी जुळवलं. तंतोतंत. मग त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत की काय.

नीलेशला फोन लावला, स्पीकरवर. मी सगळं सांगितलं.

"आई, फिल्टर उकडत होतीस?"

"तूच म्हणालेलास ना, फिल्टर साफ ठेव. पाव्हणे पितात."

"अगं, म्हणजे... वेळेवर बदल, असं..."

"मंग तसा म्हणायचा."

नीलेशने माझी माफी मागितली. आईसमोर, स्पीकरवर, त्यामुळे ती मला पुरली. मॅडमनी रिपोर्टमध्ये लिहिलं, "कार्ट्रिज उष्णतेने वाकले. तंत्रज्ञाची चूक नाही. ग्राहकाशी चर्चा केली." मोठ्या साहेबांना त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण पलीकडचं हसणं ओट्यापर्यंत ऐकू आलं.

काकी मात्र खट्टू झाल्या होत्या. त्यांच्या हातून पाहुण्यांच्या पाण्याचं काही कमी-जास्त व्हावं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. "म्हंजे चार महिने मी घान पाजली?" असं त्या दोनदा म्हणाल्या. मॅडमनी त्यांना समजावलं, की उकडून फिल्टर वाकला आणि पाणी बाजूने निघून गेलं, ते जेमतेम गाळलं गेलं, विष काही झालं नाही. तरी चेहरा उतरलेलाच.

शेवटी मी मागच्या दारी गेलो. टाकीतून फ्रिजकडे येणाऱ्या पाइपवर स्टीलच्या जाळीचा छोटा फिल्टर बसवला. वाडीत ठिबकच्या लाइनला असतो तसाच. तिथलं पाणी गढूळ येतं, त्यामुळे तो आधीच हवा होता. जाळी काढून काकींच्या हातात दिली.

"ही घासा. बरशानं घासा, उकळा, लिंबू लावा. रोज केलंत तरी चालेल."

काकींनी जाळी उन्हाकडे धरून पाहिली. बारीक वाळूचा कण दिसला, तो नखाने काढला. चेहरा खुलला.

निघताना त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बसवलं. वाढता वाढता विचारलं, "आनि खोल्यांतल्या एसीचा फिल्टर? तो पन फेकायचा?"

"नाही काकी," मॅडम म्हणाल्या. "तो दर पंधरा दिवसांनी धुवायचा."

काकींच्या हातातला भाताचा डाव हवेत थांबला. त्यांनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एक फेकायचा, एक धुवायचा. मंग दोघांचा नाव एक कशाला ठेवलात?"

आम्ही दोघांनी खाली मान घालून भात कालवला.

दुसऱ्या दिवशी कार्ड गळ्यात घालून मी कामावर गेलो. तेव्हापासून कोणाच्याही घरी मी नुसता "फिल्टर" हा शब्द वापरत नाही. "फेकायचा फिल्टर" आणि "धुवायचा फिल्टर" असंच म्हणतो. आणि "तुम्ही काही केलं का?" असं विचारायचं सोडलंय. "घरात काय काय धुता?" असं विचारतो. लोक अर्धा तास उत्साहाने सांगतात, आणि निम्म्या वेळा बिघाड त्या यादीतच सापडतो.