ज्वारीचे हिरवे फुटवे

वळसंगच्या पुढे आम्ही दोन एकर रान घेतलं, तेव्हा मला ज्वारी आणि मका शेजारी शेजारी उभी असली तरी ओळखता येत नव्हती. सोलापुरातल्या एका शाळेच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं क्लार्क होते. नोकरी मुदतीआधी सोडली, रानात पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या आणि राहायला गेलो. नवरा अजून शिकवत होता. तो सकाळी साडेसहाला मोटरसायकलवर सोलापूरला निघून जायचा आणि पुढचा सगळा दिवस माझ्या अंगावर यायचा. बोअरला पाणी येईल ना, पाइप कुठं निसटला नसेल ना, शेळ्या का ओरडतायत, आणि आता अचानक गप्प का झाल्या?

शेळ्या दोनच होत्या. एक पांढऱ्या कानांची, गाभण. दुसरी तिचीच आदल्या वेताची, तांबडी. मी कुठंही गेले की ही तांबडी माझ्या मागं मागं यायची.

शेजारच्या रानात एक मावशी राहायच्या. त्यांचा जन्म शेळ्यामेंढ्या राखण्यात गेलेला. एप्रिलमध्ये वळवाची एक सर येऊन गेली आणि आमच्या ज्वारी काढलेल्या रानात धसकटांना हिरवेगार फुटवे आले. मावशी बांधावरूनच म्हणाल्या, "बाई, फुटवा आलाय. तिकडं शेळ्या जाऊ देऊ नगा."

मी "बरं" म्हटलं. मला वाटलं, शेळ्या रान तुडवतील म्हणून सांगतायत. का, ते विचारलं नाही. सारखं काय विचारायचं, याची लाज वाटायला लागली होती.

आठवडाभरानं कडबा बघून शेळ्या तोंड फिरवायला लागल्या. उन्हानं सगळं करपलेलं, हिरवं असं तेवढंच. शेळ्या तिकडं सोडायच्या नाहीत ना, मग आपणच कापून आणू, असा मी विचार केला. विळ्यानं कवळाभर फुटवे कापले आणि गोठ्यात टाकले. दोघी तुटून पडल्या. आज आपल्याला काहीतरी जमलं, असं वाटून मी चहा ठेवायला आत गेले.

चहा प्यायले, भांडी घासली आणि बाहेर आले, तर तांबडी पाय फाकून उभी होती. मान ताणलेली, तोंडाला फेस. तिला श्वास घेता येत नव्हता. मी जवळ जायच्या आत ती आडवी पडली. पांढऱ्या कानांचीही झुलायला लागली होती.

फोन लावताना नंबर दोनदा चुकला. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय खायला घातलंत?"

तेवढ्यात माझ्या मनात मावशींचं बोलणं आलं. नको म्हटलेलं मी केलं होतं. आणि मी म्हणाले, "कडबाच. नेहमीचं."

"मग पोट फुगलं असेल. हातात एक काम आहे, ते संपवून तासाभरात येतो."

फोन ठेवला आणि मावशींच्या रानाकडे हाका मारत धावले. त्या आल्या, गोठ्यात वाकल्या आणि खाली पडलेलं एक हिरवं पान त्यांनी उचललं.

"ही कोवळी ज्वारी कुणी कापली?"

"मी."

"अगं बाई, वीख असतंय ह्यात! डॉक्टरला सांगितलं का न्हाय?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"लाव फोन! आन् आदी गुळाचं पानी आन."

या वेळी मी सगळं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं. हातातलं टाकून निघालो मी." वीस मिनिटांत ते पोचले. तोवर तांबडी गेली होती. मावशी पांढऱ्या कानांच्या शेळीला थोडं थोडं गुळाचं पाणी पाजत होत्या आणि मी तिचं डोकं धरून बसले होते. डॉक्टरांनी तिच्या शिरेत सावकाश इंजेक्शन दिलं. तिचा श्वास मोजत आम्ही तिथंच थांबलो. दुपार कलल्यावर ती उठून उभी राहिली.

संध्याकाळी नवरा आला. बांधाजवळ आम्ही दोघांनी खड्डा खणला. तो फक्त म्हणाला, "झेपत नसेल तर परत जाऊ." मला रागही आला नाही, कारण दिवसभर मीही मनात तेच म्हणत होते.

पण मला टोचत होतं ते वेगळंच. शेळी माझ्या अडाणीपणानं गेली, तेवढं मी सोसलं असतं. मी खोटं बोलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींकडे गेले आणि पहिल्या फोनवर काय सांगितलं, ते त्यांना सांगून टाकलं.

त्या शेण काढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माज्याबी दोन गेल्या हुत्या तसल्याच फुटव्यानं. लगीन होऊन नवी आले हुते. सासूला सांगितलं, साप चावला."

मला हसावं की रडावं कळेना.

"मला सगळं रान दाखवाल का?" मी विचारलं. "काय खातात, काय नाही. मी लिहून घेते."

"लिवून काय घेती? हातानं तोडून बघ. चल."

हात धुऊन त्या पुढं निघाल्या. मी मागं. पहिल्याच झुडपापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे काय हाय, सांग." मला ओळखता येत नव्हतं. तसं मी सांगितलं.