तायडे सिस्टरचा थांबलेला हात

तायडे सिस्टर डबा खाताना मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायच्या आणि भाकरीचा घास हातातच धरून ओरडायच्या, "सोड! आता सोड ना रे बाप्पा!" जऊळक्याच्या बाजूच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले त्या पहिल्या दुपारी मी हे ऐकलं आणि धावत आत गेले. मला वाटलं, बाईंना कुणीतरी धरलं आहे. आत त्या एकट्याच होत्या. पडद्यावर पोट सुटलेला, चष्मा लावलेला एक गोरा माणूस हातात बोटभर लांबीचा बाण धरून उभा होता.

"क्रिकेट लावायले गेली न् हे लागलं," त्या म्हणाल्या. "तवापासून हेच पाह्यतो. बस इथं."

डार्ट्स नावाचा हा खेळ त्यांनीच मला शिकवला. भिंतीवर गोल फळी, तिचे वीस भाग. आठेक फुटांवरून तीन-तीन बाण मारायचे. पाचशे एकपासून सुरुवात करून वजा करत शून्यावर यायचं, पण शेवटचा बाण काठावरच्या बारीक पट्टीतच बसला पाहिजे. तिथे गुण दुप्पट. "पट्टी कायची, करंगळीच्या नखाएवढी," सिस्टर सांगायच्या. खेळाडूच्या आधी त्यांची वजाबाकी होऊन जायची. "चाळीस राह्यले. विसाचं डबल पायजे त्याले. पाह्य, आता घाम फुटते."

मागे हजारो माणसं रंगीबेरंगी सोंगं घेऊन गात असायची. त्यांच्याकडे सिस्टरचं लक्ष नसे. "ते पेऊन राह्यले, त्यायले काय पाह्यतं? हात पाह्य." इतर खेळांत माणसं धावतात, उड्या मारतात, त्यांच्यासारखं आपल्याला जमणार नाही हे पाहतानाच कळतं. इथे मात्र गावातल्या पोस्टमनसारखा दिसणारा माणूस नुसता उभा असतो, आणि त्याची सगळी भीती कोपरापासून बोटांपर्यंतच्या जागेत दिसते. हे सिस्टरनी मला दाखवलं. त्यांच्या आवडत्या खेळाडूचं नावही त्यांनी पोस्टमनच ठेवलं होतं.

त्या पोस्टमनला एक आजार होता. बाण मारायला हात मागे घ्यायचा आणि तिथेच अडकायचा. बोटं सुटायची नाहीत. हात पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि बाण तसाच. त्या खेळात या आजाराला नावही आहे म्हणे. तो अडकला की सिस्टरचं खाणं थांबायचं, त्यांच्या गळ्याची शीर उडताना दिसायची. मला ते बघवत नसे. मी म्हणायचे, "बाई, तुमी जिंकणारा कोणी पाहा ना." त्या म्हणायच्या, "जिंकणाऱ्यात काय हाये पाह्यासारखं? त्याचं त्याले येते."

सहा महिने गेल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. लसीकरणाच्या दिवशी सिस्टर रजिस्टर भरायच्या, आयांना समजावून सांगायच्या, लेकराची मांडी घट्ट धरायच्या; टोचायला मात्र मला पुढे करायच्या. "तुह्या हाताले सवय होऊ दे." मी ते मोठेपण समजत होते. नंतर नंतर कंटाळा समजू लागले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढी लेकरं टोचली असतील, आता त्यांना नको वाटत असेल.

मग आग्या मोहोळाचा दिवस आला.

आम्ही एका पोडावरचं, म्हणजे आदिवासी वस्तीवरचं लसीकरण उरकून पायी परतत होतो. लसीचा डबा माझ्या खांद्यावर, औषधांची पिशवी सिस्टरकडे. बांधावरच्या वडाखालून जाताना माकडांनी वर काहीतरी हलवलं असावं. आधी आवाज आला, मग अंधारल्यासारखं झालं. सिस्टरनी पदर तोंडावर घेतला. मी डबा सांभाळत राहिले. मानेवर, कानामागे, ओठांवर डंख बसले. आम्ही पळत एका रिकाम्या गोठ्यात शिरलो आणि दार ओढून घेतलं.

दोन-तीन मिनिटांत माझी जीभ जड झाली. तळहात खाजू लागले, गळा आतून कुणी आवळल्यासारखा झाला. काय होतंय ते मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी त्यावर: श्वासनलिका सुजते, रक्तदाब पडतो, मांडीत ताबडतोब ॲड्रिनॅलिन. ते औषध सिस्टरच्या पिशवीत होतं. माझ्या श्वासाची शिट्टी मला ऐकू येत होती. बाहेर माश्या दारावर आपटत होत्या.

सिस्टरनी इंजेक्शन भरलं. गुडघ्यावर बसल्या. सुई मांडीपासून बोटभर अंतरावर आली आणि थांबली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. हात मागे गेला, पुढे आला, तिथेच थांबला. मग त्या उठल्या आणि माझ्याकडे पाठ करून कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मला बोलता येत नव्हतं. मी मरणार, आणि ही बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहणार, एवढंच मला दिसत होतं. तशी भीती मला आधी कधी वाटली नव्हती.

मग त्या वळल्या. मोठमोठ्यानं रडत, जवळजवळ किंचाळतच आल्या, "मले भेव लागून राह्यलं वं! लय भेव लागून राह्यलं मले!" आणि ते म्हणता म्हणताच सुई मांडीत घुसली.

त्यांनी फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका येईपर्यंत माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. श्वास मोकळा होत होता. तेव्हा त्या बोलल्या. बारा वर्षांपूर्वी त्यांनी टोचलेल्या एका लेकराला त्या संध्याकाळी तापात झटके आले होते. लेकरू बरं झालं, डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तापात असं होतं कधी कधी. "चांगलं मोठं झालं आता थे. पण त्याच्या मायनं मले जसं पाह्यलं ना त्या घंटाभर... तवापासून हात थांबते. कोनाले सांगू? नर्सले सुईचं भेव, कोन आयकन?"

मला वाटलं, आता भीती गेली असेल. मी सुट्टीवरून परतले तेव्हा तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "कायची गेली? एक डाव सुटला हात. पुढच्या डावाले नाही सुटला तं? तू वाचली, दुसरी मरन."

गावात त्यांचं कौतुक चाललं होतं. पंचायतीत शाल देणार होते. सिस्टर शाल घ्यायला गेल्याच नाहीत. त्या तालुक्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि उभ्यानंच सांगितलं, "साहेब, माह्या हातून टोचनं होत नाही. बारा वर्सं लपवलं. आता मले सुईपासून दूर ठेवा." मी सोबत होते. त्यांची नोकरी जाईल अशी धास्ती मलाच होती. शेवटी सिस्टरची बदली तालुक्याच्या लसीच्या साठ्याच्या खोलीत झाली. दिवसातून दोनदा फ्रिजचं तापमान लिहायचं, डबे मोजायचे.

त्यावर हसणारे होतेच. आमच्या पर्यवेक्षिका वानखडे मॅडम बैठकीत सर्वांसमोर म्हणाल्या, "नर्सनं सुईला भ्यायचं, मग मास्तरनं खडूला भ्यायचं!" सगळ्या हसल्या. मीही थोडी हसले, हे इथे लिहून ठेवते.

सिस्टर मात्र फ्रिजशेजारी स्टुलावर बसून जेवणाच्या सुट्टीत त्यांचा खेळ पाहत राहिल्या. पोस्टमन आता मोठ्या सामन्यांतून बाहेर पडला होता. लहानशा हॉलमध्ये, शंभरेक माणसांसमोर खेळायचा, बहुधा हरायचा. सिस्टर शोधून शोधून त्याचे सामने लावायच्या.

निवृत्तीला चार महिने उरले असताना त्यांचं हृदय बंद पडलं. घरी, सकाळी, चहा घेताना.

त्यांच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाला आम्ही तालुक्यातल्या सगळ्या नर्सेस गेलो होतो. बुद्धवंदना झाली, खीर वाटली. मांडवात बसल्या बसल्या मी शेजारणीला सांगून टाकलं, की गोठ्यातल्या त्या दिवसानंतर मला झाडाखालून जायची भीती बसली होती. पोडावरची फेरी टाळायला मी खोटी आजारपणं काढत होते. आणि ते फक्त तायडे सिस्टरला, लसीच्या खोलीचं दार लोटून, सांगितलं होतं. शेजारीण म्हणाली, "मी बी गेली होती वं. माह्या हातून बाळंतपनात एक बाई गेली, तवापासून झोप नव्हती." पलीकडची तिसरी आमच्याकडे वळली. तीही गेली होती.

मागच्या रांगेत वानखडे मॅडम बसल्या होत्या. त्यांनी आमचं सगळं ऐकलं होतं. त्यांनी खिरीचा द्रोण खाली ठेवला.

"दर शुक्रवारी," मॅडम म्हणाल्या. "मी दर शुक्रवारी जाऊन बसत होती."