घाटातली हरणं

रस्ते खात्यात त्याला एकच काम होतं. घाटात गाड्यांखाली मेलेली जनावरं उचलायची. सहकारी त्याला यमाचा हमाल म्हणत आणि तोही हसून घ्यायचा.

सुरुवातीला वर्षाकाठी दोन-तीन हरणं असायची. मग एका हिवाळ्यात लांडग्यांनी त्याच्या थोरल्या भावाच्या पंचवीस मेंढ्या फाडल्या. दादा पेटून उठला. मेलेल्या मेंढ्यांत विष भरून त्याने त्या डोंगरावर टाकल्या. तीन वर्षांत औषधालाही लांडगा उरला नाही. गावाने दादाला डोक्यावर घेतलं.

हरणांना मात्र आता कुणाचा धाक राहिला नाही. ती वाढत गेली, कोवळी रोपं खुडत गेली. डोंगर बोडका झाल्यावर ती रस्त्याकडेच्या गवतावर उतरली. आता आठवड्याला तीन-चार उचलावी लागत, बरगड्या निघालेली, खरजेने भरलेली.

"लांडगे होते तेव्हा असली हरणं इथवर पोचतच नव्हती, दादा," तो एकदा जेवताना म्हणाला. "आजारी, अधू जनावर आधी त्यांच्या तोंडी जायचं."

"तुझ्या मेंढ्या गेल्या असत्या म्हणजे कळलं असतं," दादा म्हणाला. विषय तिथेच मिटला.

दादाची मुलगी शाळेत शिकवायची. एका सकाळी तिच्या स्कूटरला हरीण आडवं आलं. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

तिचा हा काका घाटात पोचला तेव्हा रस्त्यावर तपासलेल्या वह्या विखुरल्या होत्या. "तू राहू दे, दुसऱ्याला बोलावतो," साहेब म्हणाले. त्याने ऐकलं नाही. आधी वह्या गोळा केल्या, मग हरीण उचललं. त्याचा मागचा पाय कधीतरी मोडून वाकडाच सांधला होता.

आठ दिवसांनी दादाने विचारलं, "हरीण कसं होतं रे?"

"चांगलं होतं. धडधाकट."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. "तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागला.

त्याने मेंढ्या विकल्या. पुढच्या वर्षी डोंगरावर पुन्हा लांडगे सोडावेत का, हे ठरवायला वनखात्याने सभा घेतली. दादा उठून म्हणाला, "सोडा."

"तुमच्याकडे मेंढ्या कुठायत आता? तुमचं काय जातंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

दादा खाली बसला. लांडगे नकोत, असंच ठरलं.

धाकट्याने नंतर बदली मागितली. मिळाली नाही.