बिरोबाच्या माळाची आणेवारी

हंबीररावांचं नाव ज्यानं ठेवलं त्यानं जरा घाईच केली, असं त्यांच्या पत्नी मनुबाई म्हणायच्या. निकमांच्या घरात आजा पलटणीत, बाप सुभेदार, दोघे थोरले भाऊ लढाईवर आफ्रिकेच्या वाळूत. आणि हा धाकटा, दिवा मालवल्यावर परसात जायचं तर बायकोला उठवायचा. नाव सेनापतीचं आणि काळीज सशाचं. पण डोकं तल्लख होतं. कऱ्हाडजवळ कृष्णेच्या काठाला घरचा ऊस होता, तो भावकीच्या हवाली करून हंबीरराव महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटले, खात्याच्या परीक्षा एकामागून एक काढल्या, आणि चाळिशीच्या आत सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका कोरड्या तालुक्याचे मामलेदार झाले.

भित्रा माणूस सरकारी नोकरीत वर चढला तर त्यात नवल करण्यासारखं काही नाही. तो वरच्या साहेबाला भितो, नियमाला भितो, पैसे खायलाही भितो, आणि लोक त्यालाच सचोटी म्हणतात. हंबीररावांचं भित्रेपण वीस वर्षं असं अब्रूनं नांदलं. मग त्रेचाळीस साल उजाडलं आणि सगळंच फिरलं.

त्या सुमाराला साताऱ्यात दोन सरकारं होती. एक कलेक्टर कचेरीत बसायचं आणि शेतसारा वसूल करायचं. दुसरं उभ्या पिकात राहायचं, रानात न्याय करायचं, आणि पहिल्या सरकारच्या जोरावर रयतेला नाडणारा कुणी सापडला की त्याच्या तळपायांना पत्री मारायचं. पत्री म्हणजे नेमकं काय, हे छातीठोकपणे कुणी सांगत नसे. कुणी म्हणे तळव्यांवर काठ्या, कुणी म्हणे बैलाला ठोकतात तसा नाल. शेजारच्या तालुक्यातला एक कारकून रजेवरून लंगडत परत आला आणि विहिरीच्या पायरीवरून घसरलो म्हणाला. कचेरीत त्याला कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. हंबीररावांनी मात्र त्याच आठवड्यात आपल्या बुटांना दुहेरी तळ ठोकून घेतले.

"काटं लय हायत त्या मुलखात," ते मनुबाईंना म्हणाले.

"व्हय, आन ते काटं बंदुका घिऊन फिरत्यात," मनुबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत, कारण त्याही रोज देवापुढं तेच मागत होत्या. नवऱ्यानं चालत घरी यावं, एवढंच.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात हंबीरराव आणेवारीच्या दौऱ्यावर निघाले. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. त्या मानानं यंदा गावात किती आणे पिकलं, ते मामलेदारानं शिवारात जाऊन ठरवायचं. चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षी सारा तहकूब. सहाच्या वर गेलं की पुरा सारा, आणि लढाईमुळं त्यावर सरकारला घालायचं लेव्हीचं धान्य वेगळं. एका आकड्यावर सबंध गावाचं वर्ष टांगलेलं असे. आणि हे ठरवायची रीत एकच होती: शेतात उतरायचं, चार ठिकाणची कणसं हातावर मळायची आणि दाणा बघायचा.

बिरोबाचा माळ हे धनगरांचं गाव. बापजाद्यांनी मेंढरं राखली, आता मेंढरांबरोबर थोडी ज्वारीही करत होते. हंबीरराव घोड्यावरून शिवाराच्या कडेला येऊन थांबले. ज्वारी घोड्यावरच्या माणसाच्या खांद्याला लागत होती. एवढी दाट की आत अख्खी पलटण बसली असती तरी टोपी दिसली नसती. नेमका हाच विचार हंबीररावांच्या मनात आला आणि त्यांनी घोडं दोन पावलं मागं घेतलं.

गावचा म्हातारा आकाराम घोंगडं सावरत पुढं झाला. "साहेब, तीन आणं बी न्हाई यंदा."

"तीन आणे? अरे, पिकात माणूस दिसत नाही!"

"ताटाचं काय घिऊन बसलाय? वाईच आत चला. कणीस हातात घिऊन बघा म्हंजी कळंल."

आत चला. म्हातारा साधंच बोलला होता, पण हंबीररावांना त्यात भलताच अर्थ ऐकू आला. म्हाताऱ्यामागं आणखी माणसं उभी होती. बरोबरचे दोन बंदूकवाले शिपाई मागं तंबाखू मळत होते. मला आत कशाला नेताय? हंबीररावांनी लगाम आवळला.

"इथनं दिसतंय सगळं," ते म्हणाले. "आठ आणे."

खरं सांगायचं तर त्यांना काहीच दिसत नव्हतं. ते पडले ऊसवाल्यांचे. उसाला कणीस बघत नाहीत, उंची बघतात. परतीच्या पावसानं ताटं माजली होती, पण दाणा भरायच्या वेळी जमिनीतली ओलच उडाली, हे त्यांना खाली उतरल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि खाली उतरायची त्यांची छाती नव्हती. चावडीत बूट न काढताच त्यांनी आकडा लिहिला आणि संध्याकाळच्या टपालात साताऱ्याला धाडूनही दिला. कलेक्टरसाहेबांना यंदा वरचेच आकडे हवे होते. डेप्युटी कलेक्टरीच्या एका जागेसाठी हंबीररावांचं नाव त्यांच्याच टेबलावर होतं.

गावाबाहेर पडताना ओढ्याजवळ एक अनोळखी माणूस उभा होता. अंगापिंडानं मजबूत, पायात चांगल्या वहाणा. त्यानं हसून विचारलं, "साहेब, उद्या मुक्काम कुठं?"

हंबीररावांनी टाच मारली. घोडं दामटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या गावच्या मुक्कामी त्यांना अन्न गोड लागेना. पट्टेवाला केरबा साहेबांचा स्वभाव ओळखून होता. बिरोबाच्या माळावरून येताना त्यानं वाटेकडेची चार कणसं मोडून आणली होती. त्यानं शेणकुटाची आगटी पेटवली, कणसं भाजली आणि साहेबांपुढं ठेवली. "हुरडा खावा, साहेब. तोंडाला चव यील."

हंबीररावांनी गरम कणीस तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. हातात काही उरलं नाही.

त्यांना वाटलं, फुंकर जोरात लागली. दुसरं कणीस चोळलं, हळू फुंकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यात दोनचार पोचट दाणे निघाले, ते दातांखाली कोंड्यासारखे लागले. ते त्या काळवंडलेल्या तळव्याकडं नुसतं बघत बसले. आठ आणे! या कोंड्यावर पुरा सारा, आणि वर लेव्ही. भरायचं कुठून? मेंढरं विकून. आणि मेंढरं गेल्यावर काय करणार ही माणसं?

आधी लाज वाटली. मग लाजेच्या पाठोपाठ भीती आली, आणि ती इतकी मोठी होती की लाज कुठल्या कुठं गेली. आजवर ते स्वतःची समजूत घालत होते, की मी कुणाला नाडलं नाही, माझ्यापर्यंत कोण कशाला येतंय? आता ती समजूत गेली. रयतेला नाडणारा माणूस जर कुणाला पाहायचा असेल तर तो इथंच, आगटीशेजारी बसला होता. ओढ्याजवळचा तो माणूस आठवला आणि तळपाय बुटांच्या आत आपोआप आखडले.

आकडा फिरवावा तर कलेक्टर विचारणार, एका रात्रीत पीक कसं जळलं? पत्रीवाल्यांना भ्याला म्हणणार, कदाचित त्यांना सामील आहे असंही म्हणणार. जागा जाईल, नोकरीही जाईल. न फिरवावा तर पाय. हंबीररावांनी बराच वेळ तळमळून काढला. शेवटी उठले, शिपायांना तिथंच थांबायला सांगितलं, कारण बंदुका दिसल्या तर बंदुका उठतील असं त्यांना वाटलं, आणि केरबाला घेऊन उलट्या वाटेला लागले. हे भीतीनं केलं की लाजेनं, ते त्यांना तेव्हाही सांगता आलं नसतं.

ऊन डोक्यावर आलं होतं. शिवाराशी पोचल्यावर ते घोड्यावरून उतरले. केरबा म्हणाला, "साहेब, चावडीत जाऊ की सरळ."

"आधी बघायला पाहिजे," हंबीरराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

ते ज्वारीत शिरले. चार पावलांत मागचा रस्ता दिसेनासा झाला. पानं वाळलेली, अंगाला घासली की कुणीतरी सरकल्यासारखा आवाज होई. ते थांबले की आवाज थांबे. पुन्हा पाऊल टाकलं की पुन्हा तोच. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. त्यांनी कणीस मोडलं, चोळलं, फुंकलं. कोंडा. आणखी आत गेले. पुन्हा कोंडा. मग एकाएकी त्यांच्या ध्यानात आलं की एवढ्या मोठ्या पिकात एक पाखरू नाही. राखणीचा माळा मोकळा, गोफण घेऊन कुणी हाकारत नाही. चिमण्यांना जे कळलं ते मामलेदाराला कळलं नव्हतं. त्याच वेळी पलीकडून माणसांचा गलका ऐकू आला. पुष्कळ माणसं होती.

हंबीररावांची पाचावर धारण बसली. पळावं म्हटलं तर पाय हलेनात. केरबा पार मागं राहिला होता. जमलेत, त्यांनी मनाशी म्हटलं. माझ्यासाठीच जमलेत. मनुबाईंचा चेहरा डोळ्यांपुढून गेला. मग काय झालं कुणास ठाऊक, पण पाय मागं न जाता पुढं गेले, आणि हंबीरराव ज्वारी बाजूला सारत थेट त्या माणसांच्या मधोमध बाहेर पडले.

सगळं गावच तिथं होतं. पण त्यांच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. तट्टांवर भांडीकुंडी, घोंगडी, कोंबड्यांची डालगी बांधलेली. एका तट्टावर दोन लहान पोरं बसवलेली. आकारामची सून बनुबाई दावं आवळत होती. आठ आण्यांचा आकडा ऐकून अख्खं गाव घरांना कुडं लावून मेंढरांमागं मुलूख सोडायला निघालं होतं. पत्री, न्याय, मामलेदार, यातलं काही त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

हंबीररावांच्या टोपीवर कोंडा, हातात कणसं. ते बोलायला लागले तेव्हा कुठं माणसं वळली.

"चुकलो," ते म्हणाले. "मी आत आलो नव्हतो. तीन आणे. आता लिहून देतो."

आकारामनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सुनेकडं वळून म्हणाला, "बनु, उतरव वझं."

आठच दिवसांत साताऱ्याहून बोलावणं आलं. कलेक्टरसाहेब इंग्रज होता, पण मराठी चांगली बोलायचा. त्यानं बसायला सांगितलं नाही.

"मामलेदार, एका दिवसात आठाचे तीन झाले. तुम्ही त्या लोकांना घाबरलात?"

नाही म्हणायला हंबीररावांनी तोंड उघडलं होतं. वीस वर्षं साहेबाला हवं तेच उत्तर देऊन जीभ तयार झालेली होती. पण त्या ज्वारीतून एकदा बाहेर पडल्यावर आणखी घाबरायला अंगात जागा उरली नव्हती.

"होय साहेब, घाबरलो," हंबीरराव म्हणाले. "पण कणसं रिकामीच होती."

साहेबानं कागद पुढं ओढला. तीन आणे तसेच ठेवले. यादीतलं हंबीररावांचं नाव मात्र त्यांच्यादेखत खोडलं.

डेप्युटी कलेक्टरी मिळाली ती स्वराज्य आल्यावर. संस्थानं विलीन झाली, सांगलीला नवा जिल्हा झाला आणि हंबीरराव तिथं साहेब म्हणून आले. तोवर त्या आकड्याची गोष्ट लोकांनी पार फुगवली होती. इंग्रज कलेक्टरपुढं टेबलावर मूठ आपटणारा मामलेदार! हंबीररावांनी आयुष्यात डासाखेरीज कशावर हात आपटला नव्हता. पण गोष्ट ऐकली की ते गप्प बसत आणि रात्री त्यांना झोप लागत नसे. हे कौतुक आपण चोरलेलं आहे, एक दिवस कुणीतरी उठून तसं म्हणेल, ही नवी भीती त्यांच्या उरावर बसली. जुन्या भीतीपेक्षा ही वाईट होती, कारण हिला दुहेरी तळ लावता येत नव्हता.

एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर बिरोबाच्या माळावर त्यांचा सत्कार ठेवला. मनुबाईही बरोबर होत्या. माधवनगरच्या गिरणीचं धोतर आणि फेटा दिला. शाळामास्तर तावातावानं बोलले, "भीती हा शब्द ज्यांना ठाऊकच नाही, असे आमचे साहेब!" टाळ्या पडल्या. हंबीरराव उठले, घाम पुसला आणि म्हणाले, "मंडळी, खरं सांगतो. मी त्या दिवशी फार भ्यालो होतो." लोक खदखदून हसले. साहेब किती साधे, म्हणाले, आणि आणखी टाळ्या वाजवल्या.

परतताना जीपपाशी आकाराम आला. आता तो फार थकला होता. हंबीररावांनी त्याला बाजूला घेतलं. जे इतकी वर्षं बायकोलाही धड सांगितलं नव्हतं ते बोलून टाकलं. "आकाराम, मी थट्टा केली नाही. तुम्ही मला मारायला जमलात असं मला वाटलं होतं."

"आवं, ठावं हाय की," आकाराम म्हणाला. "पिकातनं भाईर आला तवा तुमचं पाय लटलट कापत हुतं. समद्या गावानं बघितलं."

"मग त्या मास्तराला कुणी सांगितलं नाही?"

"त्येला काय कळतंय. त्यो तवा हितं न्हवता." म्हाताऱ्यानं त्यांच्या दंडावर हात ठेवला. "आवं साहेब, सरकारी माणसाच्या शब्दावर आमी वझं उतरवलं नसतं. तुमचं पाय बघितलं, तवा उतरवलं. येवढा भ्यालेला माणूस खोटं बोलाया परत येत न्हाई."

जीपमध्ये बसल्या बसल्या मनुबाईंनी विचारलं, काय म्हणत होता म्हातारा? हंबीरराव डोळे पुसत होते, आणि पुसायचं लपवतही नव्हते.