माडीवरची उजव्या हाताची खोली

आमच्या गावातल्या राजवाड्याचं आता हॉटेल झालंय. मी तिथे रिसेप्शनवर बसते. संस्थान गेल्यावर राजघराणं मुंबईला राहायला गेलं आणि वाड्यात मामलेदार कचेरी आली. कचेरी नव्या इमारतीत गेल्यावर सरकारी प्रसूतिगृह आलं. ते बंद पडल्यावर वाड्याला बरीच वर्षं कुलूपच होतं. राजांची मुलगी, आमच्या बाईसाहेब, म्हातारपणी परत आल्या. मागच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहतात.

गेल्या मे महिन्यात एक आजी पायऱ्या चढून आत आली. कसालहून यष्टीने आली होती. हातात काजूगरांची पिशवी.

"बाये, माका माडयेवरची खोली बघूची आसा. जिनो चढल्यार उजव्या हाताची. माझो पयलो झील थंय झालो."

तिचा पहिला मुलगा प्रसूतिगृहाच्या काळात तिथे झालेला. आता ती म्हणजे राणीसाहेबांची खोली, आमची सगळ्यात महाग. पाहुण्यांशिवाय कुणाला वर सोडत नाहीत. पण त्या वेळी खोली रिकामी होती, नवे पाहुणे दुपारी यायचे होते. मी मॅनेजरना विचारलं. "पाच मिनिटं," ते म्हणाले.

आजीने पलंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ खिडकीखालच्या कोपऱ्यात गेली.

"हय माझी खाट होती. शेजारी कुडाळची एक होती, तिका जुळी झाली."

इतक्यात काठी टेकत बाईसाहेब दारात आल्या. रोज सकाळी त्या माडीवर एक फेरी मारतात. कोण आलंय, का आलंय, ते मी त्यांना सांगितलं. आजीने चटकन डोक्यावर पदर घेतला.

"ही माझ्या आईची खोली," बाईसाहेब म्हणाल्या. "पण माझ्या जन्माच्या वेळी तिला मुंबईच्या इस्पितळात नेलं. इथे डॉक्टर नव्हता ना."

आजी विचारात पडली. "म्हणजे माझो झील राजवाड्यातलो, आणि तुमी मुंबयच्या?"

बाईसाहेब मोठ्याने हसल्या. इथल्या माझ्या चार वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"काय करतो मुलगा?"

"बोटीर होतो. गेलो तो. गेल्या दिवाळयेक." आजी भिंतीवरून हात फिरवत राहिली. "घरात त्याच्या वस्तू बघूक जमणा नाय. म्हटलां, हय येऊन बघूया."

मग बाईसाहेब त्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसल्या आणि शेजारची जागा थोपटली. आजी आधी नको नको म्हणाली, मग बसली. बाईसाहेबांनी विचारलं, "लहानपणी कसा होता तो?" आणि आजी सांगत सुटली.

मी खाली आले. पाच मिनिटं केव्हाच उलटली होती. मॅनेजरनी एकदा माडीकडे बघितलं. मग त्यांनीच स्वयंपाकघरात दोन चहा सांगितले आणि त्या खोलीचे पाहुणे चारनंतर येतील असं वहीत लिहून टाकलं.

दुपारी आजी निघाली तेव्हा बाईसाहेब तिला पोचवायला रस्त्यापर्यंत गेल्या. यष्टी यायला उशीर होता. दोघी आंब्याखालच्या कठड्यावर काजूगर खात बसल्या होत्या.